१२३४५६७८९८७६५४३२१ ची जातकुळी

प्रश्न थोडक्यात असा: १२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या आहे का? नसेल तर तिचे अवयव कोणते? परिपूर्ण, हर्षद, कापरेकर, स्वयंभू, डेम्लो अशा ज्या जाती पुस्तकांत भेटतात, त्यांतल्या कोणत्या हिला लागू पडतात? आणि एक्सेलमध्ये टाकल्यावर शेवटचे दोन आकडे ०० होतात, म्हणजे तिला १०० ने भाग जातो का?

आधी निकाल सांगतो, कारणमीमांसा नंतर. संख्या मूळ नाही. ती १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांचा, पूर्ण वर्ग आहे. तिचे मूळ अवयव तीनच: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा. ती विषम आहे, संयुक्त आहे, उलटसुलट सारखीच वाचता येते, हर्षद आहे, डेम्लो आहे आणि विभाजकांच्या बेरजेच्या हिशेबात न्यून आहे. परिपूर्ण नाही, कापरेकर नाही, स्वयंभू नाही. १०० ने तिला भाग जाण्याचा प्रश्नच नाही, कारण ती १ वर संपते.

हे सगळे एखादे संगणकीय साधनही छापून देते. पण अशा यादीत दोन वेगळ्या प्रकारचे गुण एकाच रांगेत उभे केलेले असतात आणि वाचणाऱ्याला ते एकाच तोलाचे वाटतात. काही गुण संख्येचे स्वतःचे असतात, तुम्ही ती कोणत्याही पद्धतीने लिहा. काही गुण आपण ती दशमान पद्धतीत लिहितो म्हणून दिसतात. या संख्येच्या बाबतीत मजा अशी की दोन्ही प्रकारचे बहुतेक गुण एकाच गोष्टीतून निघतात: तिचे वर्गमूळ नुसत्या एकांचे आहे. ते धरून ठेवले की पाठांतराची गरज उरत नाही.

एक्सेलचा गोंधळ पहिल्यांदा मिटवू. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंक ठेवते आणि पुढच्या जागी शून्ये भरते. आपली संख्या सतरा अंकी, म्हणून शेवटच्या २१ चे ०० होतात. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत टाकलीत तर वेगळाच घोळ दिसेल, शेवट ३२० असा. तिथे संख्या ५३ बिटांच्या अचूकतेने साठवली जाते. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. त्याच्यापुढे दुपटीपर्यंतच्या पट्ट्यात फक्त सम संख्या नेमक्या साठवता येतात. आपली संख्या त्याच पट्ट्यात आहे आणि विषम आहे, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर ढकलली जाते. पंधराहून जास्त अंकांचे काम असेल तर पायथन वापरा किंवा सरळ कागद घ्या. निदान विभाज्यतेचे निष्कर्ष तरी स्प्रेडशीटवरून काढू नका.

आकार किती? आपल्या रोजच्या भाषेत १२,३४५ लाख कोटी, ६७,८९८ कोटी, ७६ लाख, ५४ हजार ३२१. लीलावतीत भास्कराचार्यांनी एक, दश, शत, सहस्र अशी परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. त्या हिशेबाने हिचा पहिला अंक सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ स्थानावर पडतो. परार्धाला एक पायरी कमी.

आता वर्गाकडे. कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ काढले की १११११११११ असे येते, आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण दहा-बारा अंकी उत्तर दाखवणाऱ्या कॅल्क्युलेटरवर हिच्यात १ मिळवून वर्गमूळ काढलेत तरी उत्तर १११११११११ च दिसेल, कारण फरक दशांश चिन्हानंतर नवव्या घरात येतो. म्हणून खात्री गुणाकारानेच करायची, आणि हा गुणाकार तर शाळेतल्या मांडणीने नुसता बघूनही होतो. १११११११११ ला १११११११११ ने गुणताना नऊ ओळी येतात. प्रत्येक ओळ नऊ एकांचीच, फक्त आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या घरात एकच १ पडतो. त्याच्या डावीकडच्या घरात दोन, मग तीन, असे वाढत मधल्या घरात नऊही ओळींचे १ येतात. तिथून पुढे एकेक ओळ संपत जाते, म्हणून आठ, सात करत पुन्हा एक. बेरीज कुठेही ९ च्या वर जात नाही, म्हणून एकही हातचा घ्यावा लागत नाही. हातचा नाही म्हणून घरांतल्या बेरजा जशाच्या तशा अंक म्हणून खाली उतरतात: १, २, ३ ते ९ आणि परत १.

‘हातचा नाही’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा पुन्हा लागतील.

ही चढउताराची गंमत फार जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यात गुणाकाराची उदाहरणे देताना उत्तर दोन्ही बाजूंनी सारखे वाचले जाईल अशा संख्या मुद्दाम निवडल्या आहेत. त्यांत १२३४५६५४३२१ आहे: एकपासून सहापर्यंत चढणारी आणि पुन्हा उतरणारी. ती सहा एकांचा वर्ग, आपल्या संख्येची धाकटी बहीण. आजही २७९९४६८१ ला ४४१ ने गुणून बघा, तीच येईल. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे बरोबर सहा एक, १११,१११.

 

अवयव पाडायचे तर सतरा अंकी राक्षसाला हात लावायचाच नाही, वर्गमूळ पुरे. नऊ एक म्हणजे तीन एकांचे तीन गट: १११ १११ १११. म्हणून ती १११ गुणिले १००१००१ आहे. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ ची अंकबेरीज ३, म्हणून तिला ३ ने भाग जातो: ३ गुणिले ३३३६६७. झाले. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो.

पण ३३३६६७ मूळ कशावरून? स्पर्धा परीक्षेची मुले इथे अडतात, आणि बहुतेक पुस्तके ‘मूळ आहे’ एवढे म्हणून पुढे जातात. साध्या पद्धतीने ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल, कारण वर्गमूळ ५७७ च्या किंचित वर आहे. अशा मूळ संख्या १०६ आहेत. त्यातले बहुतेक भागाकार वाचवता येतात.

समजा ‘प’ या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. ३३३६६७ गुणिले २९९७ म्हणजे ९९९९९९९९९, तेव्हा ‘प’ ने नऊ नवांनाही भाग जातो. म्हणजेच १० च्या नवव्या घाताला ‘प’ ने भागले तर बाकी १ उरते. १० चा कितवा घात पहिल्यांदा बाकी १ देतो ते पाहा. तो घातांक ९ चा विभाजक असावाच लागतो: १, ३ किंवा ९. तो १ असेल तर ‘प’ ने ९ ला भाग जायला हवा, म्हणजे प = ३. तो ३ असेल तर ९९९ ला भाग जायला हवा, म्हणजे ३ किंवा ३७. पण ३३३६६७ ची अंकबेरीज २८, म्हणून ३ बाद. आणि ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १, म्हणून ३७ ही बाद. उरला ९. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार हा घातांक प − १ चा विभाजक असतो. तेव्हा प − १ ला ९ ने भाग जातो, आणि प विषम असल्यामुळे २ नेही. म्हणजे १८ ने.

१८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या, ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या अशा: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. यातली ३७ आधीच गेली. राहिले सोळा भागाकार, ते हाताने करता येतात. १९ ने भागल्यास बाकी ८, १०९ ने १८, १६३ ने ६. ५२३ तर थोडक्यात हुकते, ५२३ × ६३८ = ३३३६७४, सातचा फरक. सोळांपैकी एकानेही नि:शेष भाग जात नाही, म्हणून ३३३६६७ मूळ. १०६ चे १६ झाले ते एवढ्यासाठी की ही संख्या नऊ नवांच्या पोटातून निघाली आहे.

हिचा वर्ग बघण्यासारखा आहे: १११३३३६६६८८९. मला वाटते अख्ख्या कुटुंबात हा सगळ्यात देखणा.

आता विभाजक. घातांक ४, २, २. प्रत्येकात एक मिळवून गुणाकार: ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. संख्या विषम आली, कारण पूर्ण वर्गाच्या विभाजकांच्या जोड्या लावताना वर्गमूळ एकटे राहते. चढत्या क्रमाने लावलेत तर तेविसावा, बरोबर मधला, विभाजक १११११११११.

परिपूर्ण संख्या म्हणजे स्वतःला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकी असणारी; ६ आणि २८ ही ठरलेली उदाहरणे. आपली संख्या परिपूर्ण नाही हे कळायला बेरीज करण्याचीही गरज नाही. विषम पूर्ण वर्गाचे सगळे विभाजक विषम असतात, आणि त्यांची संख्याही विषम. विषम वेळा विषम संख्या मिळवल्या की बेरीज विषमच. परिपूर्ण असती तर सगळ्या विभाजकांची बेरीज संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम, आली असती. या एका ओळीने कोणताही विषम पूर्ण वर्ग परिपूर्ण असू शकत नाही हे सिद्ध होते. विषम परिपूर्ण संख्या मुळात आहे की नाही हा प्रश्न आजही उघडा आहे, पण असलीच तर ती पूर्ण वर्ग नसणार. तरीही आकडा हवाच असेल तर: सर्व विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. त्यातून मूळची संख्या वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, संख्येच्या साधारण ५३.५ टक्के. म्हणून न्यून. प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक किमान २ आहे, म्हणून इंग्रजी पुस्तकांत जिला पॉवरफुल म्हणतात त्या जातीतही ती बसते. पूर्ण वर्गाला हे आपोआपच मिळते, त्याचे फार कौतुक नको.

अवयवांवरून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती मला यादीतल्या निम्म्या विशेषणांपेक्षा मोलाची वाटते. ३७ ला ४ ने भागले की बाकी १. ३ आणि ३३३६६७ यांना भागले की बाकी ३. बाकी १ देणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत फुटते, बाकी ३ देणारी फुटत नाही. म्हणून आपल्या संख्येचे दोन धन वर्गांत विभाजन फक्त ३७ च्या जिवावर होते, आणि ते एकाच प्रकारे होते. ३७ चा वर्ग म्हणजे १२ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग. बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या बाजूंच्या ज्या जोड्या दिल्या आहेत त्यांत बारा-पस्तीस ही जोडी आहेच. उरलेला अवयव ९ × ३३३६६७ = ३००३००३. त्याने दोन्ही बाजू गुणा. १२ चे होतात ३६०३६०३६, ३५ चे होतात १०५१०५१०५. तर ज्या काटकोन त्रिकोणाच्या बाजू ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५, त्याचा कर्ण बरोबर १११११११११. तीन-तीन अंकांचे गट पाडून वाचा: ०३६ ०३६ ०३६, १०५ १०५ १०५, १११ १११ १११. ३६, १०५, १११ हाच छोटा त्रिकोण तीनदा छापलेला आहे.

इथपर्यंतचे गुण संख्येचे स्वतःचे. रोमन अंकांत लिहा, बायनरीत लिहा, विभाजक ४५ च राहतील. आता दशमान लेखनाने दिलेले गुण.

डेम्लो हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचे. जन्म १९०५, डहाणू. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. मुंबईहून तीसेक मैलांवर तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेचे डेम्लो नावाचे स्टेशन होते, आजचे डोंबिवली. या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली म्हणून नाव डेम्लो. १, १२१, १२३२१, १२३४३२१ ही मालिका त्यांतली सर्वांत प्रसिद्ध, आणि आपली संख्या तिच्यातली नववी. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, आणि मग आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना देवळालीत कोण राहते ते कळले.

हर्षद म्हणजे स्वतःच्या अंकबेरजेने नि:शेष भागली जाणारी संख्या. हेही कापरेकरांचेच. आपल्या संख्येची अंकबेरीज ८१. इथे एक चूक फार आढळते: ‘अंकबेरीज ८१ आहे, म्हणून ८१ ने भाग जातो.’ ही कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी आहे. १८९९ ची अंकबेरीज २७ आहे, पण २७ ने भागल्यास बाकी ९ उरते. म्हणून हर्षदसाठी प्रत्यक्ष भाग जातो का ते पाहावेच लागते. आपल्याकडे ते तयार आहे: वर्गमूळाला ९ ने भाग जातो, १११११११११ = ९ × १२३४५६७९, म्हणून वर्गाला ८१ ने. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, तो स्वतःही पूर्ण वर्ग.

अंकबेरीज ८१ च का आली? हातचा नाही म्हणून. हातचा न येता गुणाकार झाला की उत्तराची अंकबेरीज दोन्ही अंकबेरजांच्या गुणाकाराइतकी असते, इथे ९ × ९. याच न्यायाने मालिकेतल्या पहिल्या नऊ संख्यांच्या अंकबेरजा १, ४, ९, १६ अशा वर्गच असतात. आणि हर्षद कोण ते ठरवायला एवढेच पाहायचे की एकांच्या संख्येला तिच्यातल्या एकांच्या मोजदादीने भाग जातो का. २, ४, ५, ६, ८ यांनी जात नाही, कारण शेवटी १ आहे. सात एकांना ७ ने भागा, तेही जमत नाही. राहिले १, ३, ९. म्हणजे १, १२३२१ आणि आपली संख्या, नऊ भावंडांत तिघेच हर्षद.

स्वयंभू संख्या हा कापरेकरांचा आणखी एक प्रकार; देवळाली संख्या असेही तिला म्हणतात. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिचीच अंकबेरीज मिळवा, नवी संख्या तयार होते. २१ पासून २४, कारण २१ + ३. पहिली संख्या दुसरीची जनक. जिला जनकच नाही ती स्वयंभू, जसे २०, ३१, ४२. सतरा अंकी संख्येचा जनक शोधणे वाटते तेवढे कठीण नाही. सतरा अंकांची बेरीज फार तर १५३, म्हणून जनक आपल्या संख्येपेक्षा १५३ हून अधिकने लहान असूच शकत नाही. म्हणजे बदल फक्त शेवटच्या तीन अंकांत, ३२१ मध्ये. आधीचे चौदा अंक जागचे हलत नाहीत आणि त्यांची बेरीज ७५. शिवाय ९ ने भागण्याच्या कसोटीवरून जनकाची अंकबेरीज ९ च्या पटीत असली पाहिजे. ७५ पासून १०२ पर्यंत अशा तीनच शक्यता: ८१, ९०, ९९. ९९ वजा केले तर शेवट २२२, अंकबेरीज ७५ + ६ = ८१, जुळले नाही. ९० वजा केले तर २३१, पुन्हा ८१, जुळले नाही. ८१ वजा केले तर २४०, अंकबेरीज ७५ + ६ = ८१. जुळले. जनक १२३४५६७८९८७६५४२४०, आणि तो एकुलता एक. म्हणून स्वयंभू नाही. जनकाची अंकबेरीजही ८१ आणि त्यालाही ८१ ने भाग जातो, तेव्हा तोही हर्षद.

कापरेकर संख्या वेगळी. वर्ग करा, उजवीकडून, घेतलेल्या संख्येत जितके अंक तितके तोडा, दोन्ही तुकड्यांची बेरीज तीच संख्या आली पाहिजे. ४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. २९७ चा ८८२०९, ८८ + २०९ = २९७. आपल्या सतरा अंकी संख्येचा वर्ग तेहतीस अंकी. तो करत बसायचे नाही. डावा तुकडा ‘ड’ धरा. अट पाळली जात असेल तर वर्गातून संख्या वजा केल्यावर ड गुणिले सतरा नऊ उरतात. म्हणजे संख्या आणि तिच्याहून एकाने लहान संख्या यांच्या गुणाकाराला सतरा एकांनी भाग गेला पाहिजे. सतरा एक आणि नऊ एक यांचा मसावि काढा: सतरा एकांतून, नऊ एकांपुढे आठ शून्ये लिहून ती वजा केली की आठ एक उरतात, नऊ एकांतून आठ एकांची दहापट वजा केली की १ उरतो. मसावि १. तेव्हा आपल्या संख्येचा सतरा एकांशी काही संबंध नाही, सगळा भार एकाने लहान संख्येवर येतो. पण १२३४५६७८९८७६५४३२० ही सतरा एकांच्या संख्येपेक्षा मोठी आणि तिच्या दुपटीपेक्षा लहान. भाग जाणारच नाही. कापरेकर संख्या नाही.

‘आनंदी’ संख्येचा प्रकारही विचारला जातो: अंकांच्या वर्गांची बेरीज करत गेले की शेवटी १ यावा. इथे ४८९, १६१, ३८, ७३, ५८, ८९ आणि तिथून न संपणारे चक्र. नाही. खरे सांगायचे तर या प्रकाराला मी फार महत्त्व देत नाही.

दशमान गुण किती नाजूक असतात ते एक पायरी पुढे गेले की दिसते. दहा एकांचा वर्ग घ्या. मधल्या घरात दहा ओळी जमतात, हातचा येतो आणि उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटसुलट सारखेपणा गेला. अंकबेरीज ८२, सम. विषम संख्येला सम संख्येने भाग जात नाही, म्हणून हर्षदही गेले. पण विषम पूर्ण वर्ग असल्यामुळे परिपूर्ण नसणे, विभाजकांची संख्या विषम असणे, हे जागचे हलले नाही. उलट आपल्या नऊ एकांचा वर्ग सोळा पायाच्या पद्धतीत केलात तर चढउतार तसाच दिसतो, कारण तिथे हातचा १५ नंतर येतो. फक्त ती संख्या वेगळी असते.

शेवटी एक गोष्ट, जी सहसा यादीत सापडत नाही. १ ला आपल्या संख्येने भागून दशांश अपूर्णांक लिहिला तर तो आवर्ती येतो, कारण संख्येत २ किंवा ५ हा अवयव नाही. किती अंकांनी तो पुन्हा सुरू होतो? वर्गमूळाला ‘म’ म्हणू. १० चा नववा घात म्हणजे १ + ९म. त्याचा क-वा घात घेतला तर म च्या वर्गाने भागल्यावर १ + ९कम एवढेच उरते, बाकीची पदे म च्या वर्गाच्या पटीत जातात. बाकी १ यायला ९क ला म ने भाग गेला पाहिजे. म मध्ये ९ आहेच, म्हणून क किमान १२३४५६७९. आवर्तनाची लांबी ९ × १२३४५६७९ = १११११११११. संख्येच्या व्यस्ताचे आवर्तन तिच्याच वर्गमूळाइतके लांब. दहा एकांच्या वर्गाला हे जमत नाही: दहा एकांत ९ चा अवयव नाही, म्हणून तिथे लांबी वर्गमूळाच्या दहापट, ११११११११११०.

पडताळायचे असेल तर पायथनच्या पॉ (pow) फंक्शनला १०, १११११११११ आणि आपली संख्या या क्रमाने तीन संख्या द्या. उत्तर क्षणात १ येईल. याहून लहान घातांक चालत नाही हे दाखवायला ३७०३७०३७, ३००३००३ आणि ३३३ हे तीन घातांक वापरून पाहणे पुरेसे आहे. १११११११११ ला तिच्या तीन मूळ अवयवांनी भागून आलेल्या या संख्या. यांपैकी एकालाही बाकी १ येत नाही.